आम्ही कॅम्पाकडचे

कूलरची टाकी उन्हाळा लागताना कितीही घासून ठेवा, जून येईपर्यंत तळाशी गाळ साचतोच. कुठून येतो, कोणालाच कळत नाही. किस्स्यांचंही तसंच आहे. आपण आपलं काम करत असतो आणि खाली ते साचत जातात. मग एखादा दोस्त चहाच्या टपरीवर विचारतो, "काय बे, कॅम्प कसा झाला?" आणि मी टाकी उलटी करतो. सगळं एकदाच बाहेर!

तर आधी ओळख. मी सूरज. पांढुर्ण्यात कूलर दुरुस्त करतो, त्याच्या जाळीतलं गवत, म्हणजे खस, बदलतो. आठवीनंतर शाळेनं मला सोडलं आणि मी शाळेला. माझी मोठी बहीण वैशाली मात्र त्याच शाळेत ड्रॉइंगची मॅडम झाली. दर मे महिन्यात ती तिथं लेकरांचा समर कॅम्प घ्यायची. चित्रं, गोष्टी, नाच, मातीकाम, खेळ. सकाळी लवकर सुरू, ऊन चढायच्या आत सुट्टी.

यंदा होळीच्या आधी ताई गेली. ताप आला, नागपूरला नेलं, वाचली नाही. यावर मी जास्त लिहीत नाही. जमणारही नाही.

तेरवीला शाळेच्या प्रिन्सिपल आल्या. त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात. उंचीनं त्या लहानच आहेत, पण वर्गाबाहेरून नुसती त्यांची चप्पल वाजली तरी आतली पोरं ताठ बसतात. निघताना त्या आईला म्हणाल्या, "यंदा कॅम्प होणार नाही. एका कोचिंगवाल्यांनी हॉल मागितला आहे. देऊन टाकू म्हणते."

मी पत्रावळी उचलत होतो. तिथूनच बोललो, "कॅम्प होईन. मी घेतो."

"तू? तुझं शिक्षण किती?"

"आठवी. पण कॅम्पात पेपर थोडीच असते जी!"

मोठ्या मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. "ठीक आहे. यंदा करून दाखव. शेवटच्या दिवशी सगळ्या पालकांसमोर सांगेन, पुढच्या वर्षीपासून हॉल कॅम्पाला की कोचिंगला."

त्या गेल्यावर निशा मॅडम माझ्याजवळ आल्या. या ताईच्या मैत्रीण, कॅम्पात नाच आणि क्राफ्ट शिकवतात. म्हणाल्या, "सूरज, तू बोलाच्या आधी कधी विचार करतो काय रे?"

मी म्हटलं, "विचार केला असता तर बोललोच नसतो ना!"

*

कॅम्प घ्यायचा म्हणजे लेकरं पाहिजेत. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप ताईच्या फोनवर होता. तिचा फोन मी बंद पडू दिला नव्हता. रोज चार्जिंगला लावायचो. कायले, ते विचारू नका.

एक दिवस सकाळी सकाळी मनात आलं आणि लगेच त्याच फोनवरून ग्रुपवर मेसेज टाकला: "नमस्कार पालकहो! यंदाही आपला समर कॅम्प होणार आहे. मुलांना नक्की पाठवा. वाट पाहते."

'वाट पाहते' मी लिहिलं नव्हतं. मी 'वाट' लिहिलं आणि पुढचं फोननंच सुचवलं. ताईच्या बोटांची सवय होती त्याला.

मेसेज गेला, आणि मग माझ्या लक्षात आलं की तो कोणाच्या नावानं गेला! वर ताईचं नाव, बाजूला ताईचा हसरा फोटो.

पांढुर्ण्यात एका वडिलांच्या हातातला चहाचा कप पडला. एकानं सवयीनं "जी मॅडम" लिहिलं, मग पुसलं, मग ग्रुपच सोडला. सौसरहून एका बाईंचा फोन आला, त्या नुसत्याच "हॅलो... हॅलो..." करत राहिल्या. मी "बोला" म्हटल्यावर किंचाळल्या.

निशा मॅडमनी मला इतकं झापलं की सांगता सोय नाही. "लोक काय म्हणतीन? एकही लेकरू येणार नाई आता!"

दुपारी लोधीखेड्याची एक आजी दोन नातवांना घेऊन शाळेत हजर. पोरं मामाकडं पांढुर्ण्यात राहणार होती. निशा मॅडम हात जोडून माफी मागायला लागल्या, तर आजी म्हणाली, "माफी कायची बाई? आमी तर औंदा पाठवणारच नव्हतो. पण आता खुद मॅडमनं वरून सांगतलं, तर नाई कसं म्हणाव?"

संध्याकाळपर्यंत हॉल भरेल इतकी नावं आली!

*

पहिल्याच दिवशी एक वडील मला बाजूला घेऊन विचारायला लागले, "वैशाली मॅडम चित्रकला शिकवत होत्या. तुम्ही काय शिकवणार?"

मला जे येतं तेच सांगितलं. "कूलर."

ते हसले. मला राग आला. राग आला की मी थांबत नाही. दुकानातून एक जुना कूलर उचलून आणला आणि हॉलच्या मधोमध ठेवला. पहिला धडा: प्लग काढणे. हा धडा प्रत्येकाकडून करून घेतला, अगदी छोट्यांकडूनही. दुसरा धडा: जाळ्या काढणे. मग खस काढणे, पंप काढणे, पंख्याची पाती सोडवणे. पोरं तर पागल झाली. ज्याच्यासमोर आपण उन्हाळाभर बसतो त्याच्या पोटात काय असतं, हे त्यांना कोणी कधी दाखवलंच नव्हतं. मुली तर पोरांपेक्षा भारी. स्क्रू खोलायचा पेचकस सोडेचनात.

त्याच दिवशी दुपारी माझा फोन वाजायला लागला. बाहेर रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं असलं ऊन, आणि गल्लीगल्लीतून एकच ओरड: "दादा, आमचा कूलर खोलला!"

मी गाडी काढली. या घरी जा, त्या घरी जा. सगळीकडं तेच दृश्य. जमिनीवर जाळ्या, बादलीत पंप, पलंगावर घामानं चिंब झालेले आजोबा, आणि मधात आमचा विद्यार्थी, छाती काढून उभा. प्लग मात्र एकूणएक घरी काढलेला होता! याचा मला आजही अभिमान आहे.

शेवटचं घर त्याच हसणाऱ्या वडिलांचं निघालं. ते बनियनवर उभे, हातात पेपरचा पंखा. पोरावर ओरडत होते, "खोलला तर खोलला, आता लाव ना लेका!"

पोरगा शांतपणे म्हणाला, "बाबा, आज खोलाचा क्लास झाला. लावाचा उद्या आहे."

*

रोज एक तास गोष्टींचा असायचा. ताई गोष्ट वाचायला लागली की वाघाचा आवाज वेगळा, कोल्ह्याचा वेगळा. पुस्तकं तिचीच होती. मी एक उघडलं आणि सुरू झालो.

वाचन म्हणजे माझी बैलबंडी. सपाट रस्ता असेल तर चालते, खड्डा आला की बसते. दुसऱ्याच ओळीत बसली. पोरं वाट पाहत होती.

समोर परी बसली होती. पहिलीतून दुसरीत गेलेली, पुढचे दोन दात पडलेले. म्हणाली, "दादा, तुम्ही अडकले तं मी वाचू?"

"वाच."

तिनं वाचलं. पुढं मी. पुन्हा अडकलो, बाजूच्यानं वाचलं. मग तोच नियम झाला. दादा जिथं अडकेल तिथून पुढचा वाचेल. माझी पाळी फार वेळ टिकायची नाही, त्यामुळं सगळ्यांना वाचायला मिळायचं! जी पोरं वर्गात पुस्तक पाहून रडायची, तीही सरसावून बसायला लागली. आपल्यापेक्षा कच्चा माणूस समोर असला की हिंमत येते.

एक दिवस मोठ्या मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. मी नेमका एका शब्दावर रुतलो होतो आणि परी माझ्या मांडीवरच्या पुस्तकात बोट ठेवून मला पुढं ढकलत होती.

"इथं कोण कोणाला शिकवतंय?" मोठ्या मॅडमनी विचारलं.

परी उभी राहिली. "मॅडम, आमी दादाले शिकवून राहिलो. पहिले लईच कच्चे होते. आता जोडाक्षरापर्यंत आले!"

*

मधल्या काळात कोचिंगवाले एक सर हॉल मोजायला आले. गळ्यात टाय, हातात लांब टेप. मी तोंड फिरवून घेतलं, पण लेकरांना काय माहीत! पाहुणा आला म्हणून ती मदतीला धावली. एकानं टेपचं टोक धरलं. दुसरा म्हणाला, "मले दे." तिसरी म्हणाली, "आता माझी पाळी." पाळी पाळीत टोक भिंतीपासून दारात, दारातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून लिंबाच्या झाडापर्यंत गेलं. सर आतल्या कोपऱ्यात खाली वाकून आकडा पाहत होते. त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"हॉल तर फारच मोठा आहे!"

बाहेरून आवाज आला, "सर, अजून लागते काय?"

*

मोठ्या मॅडमनी नागपूरहून पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचे एक सर बोलावले. त्यांना पांढुर्णा नवीन होता, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

आता आमच्या गावाचं तुम्हाला माहीतच असेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. नदीच्या मधात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव. जो झेंडा तोडेल तो जिंकला, आणि तोपर्यंत दोन्हीकडून दगड! कोणी कितीही समजावलं तरी दरवर्षी होते, दरवर्षी डोकी फुटतात. इथलं लेकरू चालायला शिकायच्या आधी हे शिकतं.

सर मैदानात आले. टीमवर्कचा खेळ घ्यायचा होता. त्यांनी चुन्यानं मधोमध एक रेघ मारली. "मुलांनो, समजा ही नदी आहे."

पोरं एकमेकांकडं पाहायला लागली.

"या बाजूला एक टीम, त्या बाजूला दुसरी."

पोरांचे डोळे चमकले.

"आणि मध्ये," असं म्हणत सरांनी काठीला लाल रुमाल बांधून नदीत रोवला, "हा झेंडा!"

सगळं मैदान एकदम खाली वाकलं. प्रत्येकाच्या हातात गोटा!

सर ओरडले, "अरे थांबा! नियम तर सांगू द्या!"

"सांगू नका सर!" पलीकडून आवाज आला. "आमाले माहीत आहे!"

मी धावलो. रेघेवर जाऊन मधात उभा राहिलो आणि ओरडलो, "ज्यानं गोटा मारला तो पहिले मले मारन!" पोरं थबकली. पण हात वर गेलेले, अंगात आलेलं, ते काही असं उतरत नाही. दुसरं काही तरी द्यायलाच पाहिजे होतं. व्हरांड्यात बदललेली जुनी खस पडली होती. मी ती टाकीत भिजवली, मुठीमुठीचे गोळे केले आणि दोन्ही बाजूंना वाटले. "गोटे खाली. आता मारा!"

मग जे झालं ते काय सांगू! त्या गर्मीत ओल्या खसाचा मारा, सगळीकडं गार वास, आणि नागपूरचे सर मधोमध उभे. मोठ्या मॅडम ऑफिसातून बाहेर आल्या आणि पहिलं पाऊल टाकलं तोच एक गोळा थेट त्यांच्या चष्म्यावर!

मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. "हे कोणतं पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट आहे?"

निशा मॅडम हळूच म्हणाल्या, "लोकल आहे मॅडम."

*

खरी पंचाईत पुढच्या आठवड्यात झाली. एक दिवस सकाळी हॉल उघडला तर जवळजवळ रिकामा. लग्नसराई! पोरांच्या एका मोठ्या गोतावळ्यातलं लग्न बोरगावला होतं, आणि अर्धा कॅम्प तिकडं. नेमकं त्याच दिवशी मोठ्या मॅडम कोचिंगच्या सरांना कॅम्प दाखवायला आणणार होत्या. त्यांनी हा रिकामा हॉल पाहिला असता तर शेवटच्या दिवसापर्यंत थांबायची गरजच राहिली नसती.

निशा मॅडम डोक्याला हात लावून बसल्या. मी उरलेल्या पोरांना विचारलं, "लग्नाले कोण कोण येते?"

एका मालवाहू गाडीवाल्याला पटवलं. प्रत्येक घरी फोन करून विचारलं. कागद, कात्र्या, रंग, ढोलकी, सगळं गाडीत. कॅम्प निघाला बोरगावला! हॉलच्या दारावर खडूनं लिहिलं: 'कॅम्प लग्नात आहे.' ते लिहिताना परी बाजूला उभी होती, म्हणून शुद्ध आलं. नंतर कळलं, मोठ्या मॅडमनी ते वाचलं आणि कोचिंगच्या सरांना दारातूनच परत पाठवलं.

तिथं पोचल्यावर कॅम्पाची पोरं कॅम्पाच्या पोरांना मिळाली. मंडपाला कागदी तोरणं लावली. नवरदेवाच्या गाडीवर मोर काढला. निशा मॅडमनी बसवलेला नाच वरातीपुढं झाला तेव्हा बँडवाल्यांनीही दोनदा तेच गाणं वाजवलं. मग पंगत. आमची सगळी पोरं एका ओळीत.

वाढणारा माणूस थबकला. नवरदेवाचा मामा होता. ओळीवरून नजर फिरवून म्हणाला, "हे एवढे कोण? तुमी पोरीकडचे का पोराकडचे?"

सगळी ओळ एका आवाजात ओरडली, "आमी कॅम्पाकडचे!"

मामानं मागं वळून हाक मारली, "अरे, बुंदी इकडं आण! तिसरी पार्टी आली आहे!"

दुपारी घरी आलो तर आई दारात. बातमी माझ्या आधी पोचली होती. ज्या घरचं माणूस गेलं, त्यांनी वर्ष होईपर्यंत लग्नावरातीत जायचं नसतं, हे आमच्याकडं पक्कं आहे.

"वरातीत गेला होता म्हणे?"

"हाव."

"नाचला?"

मी खाली पाहिलं. "थोडासा."

आई चुलीकडं वळली. भाकर थापता थापता म्हणाली, "थोडासाच काऊन?"

*

आणि मग शेवटचा दिवस.

हॉल पालकांनी भरलेला. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक भिंतीला टेकून उभे राहिले. मी सगळे कूलर लावले होते, त्यांची पातीही लेकरांनीच बसवली होती. भिंतीवर चित्रं. टेबलावर मातीचे बैल, एकाला तीन शिंगं. समोसे वाटून झाले होते. कोचिंगचे सर पहिल्या रांगेत बसले होते, टाय नीट करत.

नाच झाला, गाणी झाली. मोठ्या मॅडम स्टेजवर आल्या. आता निर्णय सांगायचा होता. निशा मॅडमनी माझा हात इतका जोरात धरला की बांगडी रुतली.

मोठ्या मॅडमनी माइक जवळ ओढला. "काही सांगायच्या आधी आपल्या वैशाली मॅडमसाठी दोन मिनिटं मौन पाळू. सगळ्यांनी उभं राहायचं. कोणीही बोलायचं नाही, आणि कोणीही हलायचं नाही."

आता यात मॅडमची काही चूक नव्हती. त्यांना माहीत नव्हतं. कॅम्पात गोंगाट फार झाला की मी रोज 'स्टॅच्यू' म्हणायचो. जो जसा असेल तसा थांबायचा, जो हलला तो आउट. कोण हलतं ते पाहायला परी. तिच्या नजरेतून कोणी सुटायचं नाही.

मॅडमनी 'कोणीही हलायचं नाही' म्हटलं आणि पालक माना खाली घालून उभे राहिले. लेकरं मात्र जशी होती तशी गोठली! एकाचा समोसा तोंडापाशी, दात लागलेले, पण चावत नाही. एक जण बुटाची लेस बांधायला वाकलेला, तसाच. नाचातल्या दोघी मुली एका पायावर, हात वर, डोळे मोठे. लोधीखेड्याच्या आजीचे दोन नातू एकमेकांचा कान धरून. इतकी शांतता त्या हॉलमध्ये कधीच झाली नसेल. फक्त कूलरचं पाणी खसावरून उतरताना ऐकू येत होतं.

मीही उभा होतो. समोर ताईचा फोटो होता म्हणून पंख्याकडं पाहिलं. पंख्यावरून दाराकडं. दाराबाहेर तिची सायकल लावायची जागा होती, म्हणून पुन्हा खाली पाहिलं. ओठ दाबून धरले. मग ओठ ऐकेनात. मग खांदे.

"दादा हलले!"

परी होती. बोट सरळ माझ्याकडं. "दादा हलले! दादा आउट!"

तिचे बाबा दबक्या आवाजात म्हणाले, "चूप बस, परी!"

"पण हलले ना! मी पाह्यलं! ते अजून हलूनच राहिले!"

कोणी माझ्याकडं पाहीना, कोणी परीकडं पाहीना.

स्टेजवर मोठ्या मॅडम डोळे मिटून, हात जोडून, ताठ उभ्या होत्या. त्यांनी डोळे उघडले नाहीत. माइक मात्र चालू होता.

"पहिल्या वर्षी आउट नसतं, परी," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी हलला, तर आउट."